फोडण्यासाठी घडवलेले गोळे

माझी बहीण यशोधरा सासर सोडून बुवापाड्याला परत आली, तेव्हा आमच्या आईने, भिमाबाईने, शेजाऱ्यांना काही विचारूच दिलं नाही. मग तिला अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये काम लागलं आणि लोकांचा प्रश्न बदलला. ही तिथे बनवते तरी काय?

मी रिक्षा चालवतो. रोज तिला मीच सोडायचो, पण मलाही धड सांगता यायचं नाही. प्लास्टिकचे मोहरीएवढे गोळे, आतून पोकळ. कुठल्याशा प्रयोगशाळेत त्यांच्यात गॅस भरून चारी बाजूंनी लेसर मारणार.

"मग?" मी तिला एकदा विचारलं.

"मग फुटणार."

"फोडायचेच आहेत तर एवढे गोल कशाला?"

"जरा वाकडा असला तर सगळीकडून सारखा दाबला जात नाय, दादा. सूर्यात होतं तसं काहीतरी करायचंय त्यांना. पुढे त्यातून वीज काढणार म्हणे."

"डोक्यावरून गेलं."

"माझ्यापण," ती म्हणाली.

२००६च्या उन्हाळ्यात युनिटच्या साहेबांनी सांगून टाकलं, गोळ्यांची ही खेप प्रयोगशाळेत पास झाली नाही तर हे काम बंद. यशोधराचं जेवणच सुटलं. काम गेलं की आपल्याला परत सासरी धाडतील, अशी धास्ती तिने घेतली. आम्ही कशाला धाडतोय? पण तिला ते पटेना.

त्या खेपेच्या वेळी मी तिचा विसरलेला डबा द्यायला गेलो आणि नेमके लाईट गेले. लोडशेडिंग. पाण्याच्या थेंबावर पातळ प्लास्टिक चढवलेले ते गोळे काचेच्या चंबूत मोटरवर फिरत होते; आतलं पाणी नंतर सुकवून ते पोकळ करायचे. कडक होईपर्यंत चंबू फिरता ठेवावा लागतो, नाहीतर गोळ्याची भिंत एका बाजूला जाड होते. जनरेटर बिघडलेला. तिने मोटर सोडवली आणि चंबू हाताने फिरवायला लागली. वीज काढायच्या सामानालाच वीज नाही, म्हणून मला हसू आलं. तिने असं बघितलं की गपचूप खाली बसलो. एक हात भरून आला की ती दुसरा लावायची. मला शिवू दिलं नाही. लाईट आले तेव्हा तिची बोटं सरळ होत नव्हती.

खेप पास झाली. काही दिवसांनी साहेबांनी पेढे वाटले. गोळे फुटले होते, अगदी हवे तसे. यशोधरा पेढा हातात धरून रिक्षात बसली. हसत होती की रडत होती, मला कळेना. तिलाही कळत नसावं.

आईला मात्र गोळा बघायचा होता. चांगला एकही उरला नव्हता, म्हणून यशोधराने एक बाद झालेला मागून कुपीत आणला. आईने तो खिडकीशी धरून शेजारच्या गयाबाईला दाखवला. यशोधरा ओशाळली.

"आई, तो एका बाजूने पातळ हाय. घेतला नाय त्यांनी."

"नसू दे घेतला," आई म्हणाली. "आपल्या घरात राहील."

तिने कुपी यशोधराच्या बांगड्यांच्या डब्याशेजारी ठेवली आणि ताटं मांडली. त्या दिवशी माझी बहीण पोटभर जेवली.