आल्गोतचा तारा

उत्तर स्वीडनमधल्या त्या गावात मायकेनने चाळीस वर्षं टपाल वाटलं, पण नोव्हेंबर तिला कधीच मानवला नाही. दुपारी तीनलाच अंधारून आलं की तिचं मन उतरायचं. निवृत्तीनंतर तर ती अंथरूणच धरायची. "आजारी नाहीये गं, नोव्हेंबर आहे," असं बहिणीला फोनवर सांगून मोकळी व्हायची.

यंदाही ती चार दिवस घराबाहेर पडली नव्हती. पाचव्या दिवशी उठून तिने पडदा जरासा सारला, तर समोरच्या घरातल्या आल्गोतच्या खिडकीत दिव्याचा कागदी तारा लखलखत होता. नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी लावायचा तारा, आणि या म्हाताऱ्याने तीन आठवडे आधीच लावला! मायकेनच्या अंगाचा तिळपापड झाला. झोपायच्या कपड्यांवरच कोट चढवून, चिखल तुडवत ती त्याच्या दारात थडकली.

"लाज आहे का काही? आज तारीख काय?"

"सात," आल्गोत म्हणाला. "आत ये, गारठा घरात येतोय."

"आधी तो तारा काढ!"

"काढतो की. सकाळपासून तिघांनी टोकलंय मला."

खुर्चीवर चढून त्याने मुकाट्याने तारा उतरवला. मायकेनला लढाई जिंकल्यासारखं वाटलं. मग तिचं लक्ष टेबलाकडे गेलं. कॉफीचे दोन कप मांडलेले होते आणि दालचिनीचे बन अजून गरम होते.

"कोण येणार होतं?"

"तूच," तारा खोक्यात ठेवत तो म्हणाला. "नुसतं दार वाजवलं असतं, तर उघडलं असतंस?"