बाईंच्या चुकांचा कोपरा

आमच्या बाई फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट आखून ठेवत. वर लिहिलेलं असे, ‘बाईंच्या चुका’. शिकवताना त्यांचं जे चुकेल ते त्या चौकटीत जाई. कोल्हापुरातल्या आमच्या मराठी शाळेत त्यांनी सगळा जन्म इंग्रजी शिकवलं, पण तो कोपरा फार दिवस रिकामा राहिला असं कधी झालं नाही. चूक सापडली की मुलं खडूसाठी भांडत.

नाम आणि क्रियापद जवळजवळ सारखं दिसणारे शब्द आले की बाई हटकून थांबत. अ‍ॅडव्हाइस, प्रॅक्टिस, लायसन्स. ‘सी’ कुठे आणि ‘एस’ कुठे, हे भर वर्गात डिक्शनरी उघडून बघत. ‘‘सख्ख्या जावा हायत ह्या, एकसारखी लुगडी नेसून बसल्यात. तोंड बघितल्याबिगर हाक मारायची न्हाय,’’ असं म्हणत. मी तेव्हा नुकतीच एम.ए. होऊन त्याच शाळेत तासिका तत्त्वावर शिकवायला लागले होते. खरं सांगते, त्यांच्या त्या डिक्शनरी बघण्याची मलाच लाज वाटायची.

आणि मग मीच चुकले. प्रॅक्टिसमध्ये नामाला ‘सी’ आणि क्रियापदाला ‘एस’ लागतो. दहावीच्या वर्गात मी नेमकं उलटं शिकवलं, तेही ठणकावून. कोडोलीहून एसटीने येणाऱ्या सुजाताने चाचणीत बरोबर लिहिलं होतं, ते मी लाल पेनाने कापलं. ती पेपर घेऊन विचारायला आली, तर ‘‘मी फळ्यावर काय शिकवलं होतं?’’ असं म्हणून तिला गप्प बसवलं. दुपारी स्टाफरूममध्ये सहज डिक्शनरी बघितली आणि माझं तोंडच उतरलं.

बाईंच्या ते लगेच लक्षात आलं. सुजाताच्या पेपरचं सगळं मी त्यांना सांगून टाकलं. म्हणाल्या, ‘‘कोपरा मोकळा हाय की. जा, लिवून ये.’’

मी गेले नाही. पुढच्या वर्षी मला ठेवायचं की नाही, हे अजून ठरायचं होतं. ‘‘तुम्हीच लिहा ना,’’ मी म्हटलं.

‘‘दुसऱ्याची चूक मी लिवत न्हाय,’’ म्हणाल्या आणि तासाला निघून गेल्या.

वर्ष संपलं. मला ठेवून घेतलं, बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी शाल-नारळ हातात असतानाच त्यांनी मला बाजूला घेतलं. ‘‘सुजाता अजून तू शिकिवलंस तसंच लिवती काय गं?’’ एवढंच विचारलं. अख्ख्या सुट्टीत मला काही गोड लागलं नाही.

जूनमध्ये कोडोली गाठली. दारातच सांगितलं, ‘‘सुजाता, तुझं बरोबर होतं. मी चुकले होते.’’ पोरगी आत गेली आणि तिची डिक्शनरी घेऊन आली. प्रॅक्टिसच्या पानावरची छापील अक्षरं पेनाने खोडून तिने मी शिकवलेली लिहिली होती.

‘‘मला वाटलं, छापणाऱ्याचंच चुकलं असंल, मॅडम. तुमी कशा चुकशीला?’’

संध्याकाळी बाईंना फोन केला. सांगता सांगता मला रडू फुटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘‘चहा दिला का पोरीनं?’’

‘‘दिला.’’

‘‘मग झालं. आता तिला नवी डिक्शनरी नेऊन दे.’’