ऐंशी डाव्या बाह्या

आमच्या टाचणीबद्दल कुणी वाकडं बोललं तर माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवते. टाचणी म्हणजे आमच्या शिलाईच्या दुकानातली मुलगी. अंगाने काडी आणि तोंडात कायम चार टाचण्या धरलेल्या, म्हणून मीच ते नाव पाडलं. वय तेवीस. मी तिथे तीस वर्षं काजं करतेय. मला सगळे मावशी म्हणतात, दुकानाचे मालक, म्हणजे मास्तरसुद्धा, आणि ते माझ्यापेक्षा चांगले बारा वर्षांनी मोठे आहेत!

ती कामाला लागली तेव्हा मास्तरांनी तिला दुकानावरची खोली राहायला दिली. खोली कसली, जुने पुठ्ठे आणि फुटकी खोकी टाकायची जागा होती ती. पोरीने दोन दिवसांत घासून लख्ख केली. पण सामान म्हणून काही लावलं नाही. कपडे बॅगेत, कंगवा बॅगेत, दात घासले की ब्रश पुसून पुन्हा बॅगेत. आणि बॅग दाराशी. मी म्हटलं, "अगं, भिंतीत एक खिळा ठोक, चार कपडे टांग. पाहुणी आहेस का तू?" तर म्हणाली, "खिळा नको मावशी. काढला की भिंतीला भोक राहतं."

मला राग आला. म्हटलं, काय ही नाटकं! पण सहा महिन्यांनी एकदा टीप घालता घालता तिने आपणहून सांगितलं. आधी ती शर्टांच्या कारखान्यात होती, राहणं कारखान्याच्याच खोल्यांत. एके सकाळी गेटला कुलूप. कामही गेलं आणि आठवड्याभरात खोलीही. आईवडील नाहीत, एक मामा, त्याने दोन दिवस ठेवून तिसऱ्या दिवशी तिच्या चपला दाराबाहेर सरळ करून ठेवल्या. मग अकरा दिवस ती बस स्टँडवरच्या बाकावर राहिली. रोज जवळच्या कुठल्यातरी थांब्याचं तिकीट काढायची, म्हणजे रखवालदाराने हटकलं तर दाखवायला बरं. "सगळ्यांना वाटायचं मी कुठेतरी निघालेय," ती म्हणाली आणि दोरा तोडला. मी तिला उगाचच ओरडले की टीप तिरकी जातेय. टीप अगदी सरळ होती.

तर मुद्द्याची गोष्ट या वर्षीची. एका मोठ्या हॉटेलच्या नोकरवर्गासाठी चाळीस निळ्या कोटांचं काम आलं. कापड मोजून मापून दिलेलं, वर एक वीतभरही जास्त नाही. एका बाजूने चकचकीत, दुसऱ्या बाजूने निस्तेज, म्हणजे सुलट कुठली आणि उलट कुठली ते आंधळ्यालाही कळावं. आणि नेमकं तेव्हाच मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. जाताना त्यांनी कात्री टाचणीच्या हातात दिली. ऐका बरं, वीस वर्षांत त्या कात्रीला दुसऱ्या कुणी हात लावला नव्हता! मी लावला होता एकदा, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

पोरीने पाठीपुढची कापणी झकास केली. मग बाह्या. आमच्याकडे कापडाचे चाळीस थर एकावर एक अंथरतात, सगळ्यांची सुलट बाजू वर. बाहीच्या आकाराचा पुठ्ठा वर ठेवून एकदा कापलं की चाळीस डाव्या बाह्या निघतात. मग पुठ्ठा उलटा करून ठेवायचा, की चाळीस उजव्या. एवढंच. शेंबडं पोरही करेल.

पहिल्या चाळीस कापून झाल्या आणि दुकानात मास्तरांचा मुलगा आला. त्याने टेप उचलली आणि थेट वर जाऊन टाचणीची खोली मोजू लागला. फोनवर कुणाला तरी सांगत होता, आवाज खाली स्पष्ट येत होता, "बाबांना आता कुठे दिसणार आहे? बंदच करू म्हणतोय. खालीवर मिळून भाड्याने देऊन टाकू." टाचणी पुठ्ठा हातात धरून जिन्याखाली उभी होती. तिचा चेहरा असा पांढराफटक पडला की मी स्टूल पुढे केलं. ती बसली नाही. टेबलाशी गेली, पुठ्ठा ठेवला आणि कापायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला कोट जोडून पुतळ्यावर चढवला. डावा हात झोकात पुढे आला आणि उजवा गेला मागे, पाठ खाजवायला निघाल्यासारखा. मला हसूच फुटलं. मग टाचणीने गठ्ठ्यातली दुसरी बाही काढली, तिसरी काढली, दहावी काढली. सगळ्या डाव्या. पुठ्ठा उलटायचा राहिला होता. ऐंशीच्या ऐंशी डाव्या! माझं हसू जागच्या जागी विझलं.

ती वर गेली आणि बॅग खांद्याला लावून खाली आली.

"मावशी, मी निघते."

"कुठे?"

तिने दाराकडे पाहिलं. मग माझं डोकं सणकलं. "तुला कुणी काढलंय का? काढायचं असेल तर मास्तर काढतील, त्यांना तोंड आहे! तू स्वतःच स्वतःला कशाला काढतेस? बस खाली आधी!"

ती बसली. मी दार लोटलं आणि हळूच म्हटलं, "हे बघ, मास्तरांना सांगू की पुठ्ठा मी ठेवला होता. माझं वय झालंय, मला काही करणार नाहीत. नाहीतर त्यांच्या लेकाचंच नाव घे, त्यानेच घोळ घातला. खोटंही नाही ते."

"पण बाही मी कापली, मावशी."

असं म्हणाली आणि मला एकदम माझंच आठवलं. तिच्या वयाची होते तेव्हा पंधरा कोटांना मी भलत्याच बाजूला काजं केली होती आणि खापर शेजारच्या मुलीवर फोडून मोकळी झाले होते. तिला काढलं. मी गप्प राहिले. आज तीस वर्षं झाली, तिचं तोंड मी विसरलेले नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगतेय.

टाचणी तासभर त्या बाह्यांपुढे बसली. मला वाटलं रडतेय. रडतही होती, पण हात चालू होता. पुठ्ठा उलटा करून तिने डाव्या बाहीवर ठेवला, वरखाली सरकवला, खडूने रेघ मारली, पुसली, पुन्हा मारली. मग एक बाही उचलली, पाठीवर बॅग तशीच, आणि म्हणाली, "चला माझ्याबरोबर मास्तरांकडे. एकटीने पाय उचलत नाहीत."

मास्तर घरी आरामखुर्चीत बसले होते, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यावर काळा चष्मा. मुलगा शेजारीच. टाचणी दारातूनच बोलली. एका दमात. "मास्तर, मी पुठ्ठा उलटला नाही. ऐंशी बाह्या डाव्या कापल्या. चूक माझी आहे."

"बघ!" मुलगा म्हणाला. "मी म्हणत नव्हतो?"

मास्तरांनी हात पुढे केला. बाही बोटांनी चाचपली, मुंढ्याच्या गोलाईवरून अंगठा फिरवला. मग खडूच्या रेघेशी थांबले. "हे काय?"

"पुठ्ठा दीड इंच खाली घेतला तर याच्यातूनच उजवी निघते," ती म्हणाली. "दीड इंच लांबी जाते. पण पाठीच्या कापणीतल्या चिंध्या मी टाकल्या नाहीत. त्यातून मनगटाला पट्टी लागेल. एकाच हाताला बरी दिसणार नाही म्हणून सगळ्या ऐंशींना लावायची, डाव्यांना नुसती वरून. चिंध्या पुरतात. मी दोनदा लावून पाहिलंय."

मास्तरांनी ती रेघ पुन्हा चाचपली.

"पाठीवर काय आहे तुझ्या?" त्यांनी विचारलं. बॅगेची सावली दिसली असावी.

"बॅग."

"कशाला?"

मीच बोलले, "तुम्ही काढाल म्हणून आधीच भरून आलीय ती! आणि तुमच्या लेकाने काल तिची खोली मोजली, ते तिने तुम्हाला सांगितलं नाही, म्हणून मी सांगतेय!"

मास्तरांनी मान मुलाकडे वळवली. "टेप कुठाय माझी?"

मुलाने खिशातून काढून दिली. चांगला उंचापुरा माणूस, पण कान लाल झाले.

"ही कपडे मोजायला असते," मास्तर म्हणाले आणि टेप टाचणीच्या हातात दिली. "जा. पट्ट्या तिरक्या कापू नकोस, ताणतात."

परत येताना मी वाटभर बडबडत होते. अहो, काय सांगू, माझा ऊर असा भरून आला होता की समोरून येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटत होतं, ही बघा आमची मुलगी!

चार दिवस आम्ही मान वर केली नाही. चाळीस कोट वेळेत गेले. हॉटेलच्या माणसाने पट्टीवर बोट ठेवून विचारलं, "हे ठरलं नव्हतं ना?" मास्तर तेव्हा नवीन चष्मा लावून दुकानात परतले होते. म्हणाले, "मनगटाशीच कापड आधी विरतं. आमच्या कटरला सुचलं." आमच्या कटरला! आनंदाच्या भरात मी काजाची सुई बोटात खुपसून घेतली.

त्याच दुपारी टाचणी माझ्यापाशी आली. "मावशी, हातोडी आहे?"

"कशाला?"

"आणि एक खिळा."

मी खणातून शोधून दिलं. ती वर गेली आणि ठोकायला लागली. पोरीला कात्री येते पण हातोडी येत नाही. खिळा वाकत असणार, ती काढून पुन्हा ठोकत असणार. छताची पांढरी माती नव्या कामासाठी आलेल्या निळ्या कापडावर भुरभुरू लागली.

"अगं हळू!" मी खालून ओरडले. "कापड खराब होतंय!"

मास्तर उठले, कापडावर जुनी चादर टाकली आणि परत आपल्या जागेवर जाऊन बसले.

"ठोकू दे," म्हणाले.