राजूरच्या तळणाचं तेल आणि एक पांढरा डबा

नेरहून पहिल्या एसटीने निघालो, तेव्हा पिशवीत उकळत्या पाण्याने धुतलेले रिकामे डबे होते. ते वाटेत तीनदा मोजले. कंडक्टरने विचारलं, "डबे घेऊन कुठी चालला बे, लग्नाले?"

"राजूरले. तेल आणाले."

"तिथं तेल नाही, कोयसा भेटते!"

मी बारावी नापास; यवतमाळच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत मदतनीस आहे. तिथल्या संशोधक ताई तळणाच्या वापरलेल्या तेलावर जिवाणू वाढवतात. ते तेल खातात आणि अंगात प्लास्टिकचे कण साठवतात. त्या कणांचा पातळ कागद मातीत पुरला की कुजून जातो. शेतात अंथरायला तो मिळाला, तर पीक निघाल्यावर रानात प्लास्टिकच्या चिंध्या उरणार नाहीत. कापसाने सगळ्यांना बुडवलं होतं त्या वर्षांत एवढंसुद्धा खूप वाटायचं. ताईंना अगदी काळं तेल हवं होतं. ते राजूरच्या कोळसा खाणीजवळच्या टपऱ्यांवर मिळतं.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: यवतमाळहून वणीची गाडी धरा, सकाळी उजवीकडे बसा, ऊन लागत नाही. वणीहून ऑटोचं भाडं आधी ठरवा आणि नाकाला रुमाल बांधा. कोळशाच्या ट्रकांमागे रस्ता दिसत नाही. झाडांची पानंही काळी असतात.

कमलमावशीच्या भज्यांच्या टपरीवर खाणीतल्या मजुरांची गर्दी होती. मी तेल मागितलं तशी तिने फळीखालून पांढरा डबा ओढला.

"तुहे डबे राहू दे. हा भरलेलाच ने. उरलेलं मी उद्याच्या तळणात मिसळतो."

आणखी दोन तसेच डबे फळीखाली होते. मी प्लेटभर भजी खाल्ली. गरम, झणझणीत. दुसरी प्लेटही घेतली.

प्रयोगशाळेत नेरच्या आणि यवतमाळच्या तेलाचे चंबू दुधासारखे गढूळ झाले, म्हणजे जिवाणू वाढले. राजूरचा चंबू नितळच राहिला. ताईंनी पुन्हा लावून पाहिलं, पुन्हा तेच. मग त्यांनी डबा मागवला. खरवडलेल्या लेबलचा एक कोपरा उरला होता. त्यावर लाल त्रिकोण होता. म्हणजे डबा पिकावर फवारायच्या विषारी औषधाचा.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "तू तिथं भजी खाल्लीस?"

त्या हंगामात फवारणी करणारे लोक विषबाधा होऊन दवाखान्यात भरती होत होते. मी दुसऱ्या दिवशी परत राजूरला गेलो. वाटेत काय दिसलं ते आठवत नाही.

टपरीमागे बाजेवर मावशीचा नवरा पडलेला होता. तो हंगामात फवारणीच्या मजुरीला जायचा. रिकामे डबे त्यानेच आणले होते.

"राखेनं घासले, तीन पाण्यानं धुतले," मावशी म्हणाली. "वास येते काय?"

"वास नाही येत, मावशी. पण ताईचे जंतू मेले."

"जंतू मेले त चांगलंच हाये न!"

गिऱ्हाइकं खो खो हसली. मी माझा स्वच्छ डबा पुढे केला. मावशी खूश झाली आणि पांढऱ्या डब्यातलं तेल त्यात ओतायला लागली. मी तिचा हात धरला.

"काहून? डबाच खराब हाये न? तेलाले काय झालं?"

"डब्यातलं तेलात उतरते, मावशी."

बाजेवरून आवाज आला, "फेक ते, कमल. माहे हात पाह्य." त्याने हात वर धरले. ते थरथरत होते.

मावशीने कढईखालचा जाळ ओढला. "मंग गिऱ्हाइकाले काय देऊ?" तिने हळूच विचारलं. बाजूच्या दुकानातून मी तेलाचं पाकीट आणलं. ते किती दिवस पुरणार होतं? निघताना तिने दोन्ही पांढरे डबे माझ्या हातात दिले. "घेऊन जाय. इथं राह्यले त कोनीतरी पाणी भरन."

ते डबे ताईंनी कुलपात ठेवले. चंबू धुतले, नवं तेल लावलं. काम चालू आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी नेरला घरी पोचलो. आई उद्या शेतात न्यायचं पाणी भरत होती. डबा तसाच पांढरा होता. मी झाकण काढून वास घेतला. कसलाच वास नव्हता.

"असं काय पाह्यतं? चांगला धुतला न," आई म्हणाली.

मी पाणी ओतायला अंगणात गेलो. तुळस होती, गाय होती, शेजाऱ्यांची विहीर होती. डबा हातात धरून कितीतरी वेळ तसाच उभा राहिलो.