तीन दिवसांत संपलेले थेंब

"नसीमताई, अजून एक द्या. ही संपली." रमामावशींनी काउंटरवर रिकामी बाटली ठेवली.

मी बाटली उचलली आणि थबकले. "मावशी, ही तुम्ही मंगळवारी नेलीत. आज शुक्रवार."

"हो ना. गुण चांगला येतोय."

बाटली तीस मिलीची. दहा-दहा थेंब तीन वेळा घेतले, तरी निदान पंधरा-वीस दिवस पुरायला हवी. तीन दिवसांत संपायची, तर ती सांडली तरी पाहिजे, नाही तर कोणीतरी प्यायली तरी पाहिजे.

खडकी बाजारात माझं मेडिकल आहे. बावीस वर्षं फार्मासिस्ट आहे. रमामावशींचे यजमान दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, मावशी त्यांच्या बीपीच्या गोळ्या माझ्याकडूनच नेतात.

"हे घेतंय कोण?" मी विचारलं. हा प्रश्न मी मंगळवारी विचारायला हवा होता.

"आमची सून, प्राची. मळमळीनं बेजार झाली होती हो. शेजारच्या शिंदेबाईंच्या पोटाला या थेंबांनी आराम पडला, म्हणून त्यांचीच रिकामी बाटली मी तुम्हाला आणून दाखवली."

प्राचीला तिसरा महिना होता. गेल्या वर्षी तिचं बाळ तिसऱ्याच महिन्यात पोटातच गेलं होतं. तिच्या फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या माझ्याच दुकानातून जातात, त्यामुळे मला हे सगळं ठाऊक होतं.

आमच्या धंद्यात एक रीत पडून गेली आहे. ओळखीचं गिऱ्हाईक रिकामी बाटली किंवा गोळ्यांचं पाकीट पुढे करतं, आम्ही तसंच नवीन काढून देतो. दोघांचाही वेळ वाचतो. मंगळवारी दुकानात गर्दी होती, मी बाटली पाहिली आणि दुसरी दिली. माणसाकडे पाहिलंच नाही.

"देता कसं तिला?"

"काढ्यासारखंच. माझ्या गुडघ्याच्या काढ्याचं टोपण आहे ना, ते भरून. सकाळी एक, संध्याकाळी एक. तेवढंच पाणी घालून."

ते टोपण पाच मिलीचं. मंगळवार संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत सहा टोपणं. हिशेब तंतोतंत जुळला.

वाचकांसाठी थोडं सांगते. मुळं, पानं, साली अल्कोहोलमध्ये मुरवून जो अर्क काढतात त्याला टिंक्चर म्हणतात; हे थेंब तेच. पाण्यातला घरचा काढा दोन दिवसांत आंबतो, टिंक्चर वर्षानुवर्षं टिकतं. पण त्यात अल्कोहोल बरंच असतं, म्हणून ते थेंबांनी मोजायचं. गरोदरपणात अल्कोहोल इतकं चालतं, असं कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. शिवाय काही वनस्पती गर्भाशयालाच चाळवतात. 'झाडपाल्याचं आहे, काय होतंय?' हे वाक्य मी रोज ऐकते आणि रोज वैतागते. धोतराही झाडपालाच आहे.

"मावशी, बसा जरा. यात अल्कोहोल आहे."

"म्हणजे स्पिरिट?"

"म्हणजे दारूत असतं तेच."

मावशी स्टुलावर मटकन बसल्या. "दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणते मी. पाचवं शील म्हणजे नशा वर्ज्य, हे बायकांना मीच समजावून सांगते. आमच्या उंबऱ्याच्या आत दारूचा थेंब आला नाही आजवर, आणि मी माझ्या हातानं पोटुशा पोरीला..."

आमच्या घरीही दारू निषिद्धच, पण ती बाटली माझ्या हातानं गेली होती. मावशींची चूक अर्धी होती, माझी पूर्ण.

मी प्राचीला फोन लावला. ती येरवड्याला आयटी कंपनीत आहे.

"प्राची, घाबरू नकोस," मी सुरुवात केली. माणसाला घाबरवायचा याहून खात्रीचा उपाय नाही. "पोटात दुखतंय? ब्लीडिंग वगैरे?"

"नाही, काकू. काय झालं?"

मी सगळं सांगितलं. पलीकडून दबका आवाज आला, "फोन स्पीकरवर नाहीये ना? काकू, मी ते घेतलंच नाही. पहिल्या दिवशी जिभेला लावलं तर चटका बसला. लेबल वाचलं. तेव्हापासून 'ब्रश करून घेते' म्हणते आणि बेसिनमध्ये ओतते."

"अगं, मग आईंना सांगितलं का नाहीस?"

"मागच्या वेळी माझ्यापेक्षा त्याच जास्त रडल्या. टोपण हातात देताना त्यांचा चेहरा इतका आशेचा असतो... नाही म्हणवेना."

आता मटकन बसायची पाळी माझी होती. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

म्हणजे मावशींना जो गुण दिसत होता, तो बेसिनला आला होता. मी त्यांना खरं ते सांगितलं.

"तीन दिवस मला बनवत होती?"

"हो."

"शहाणी आहे पोरगी," म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून एकदमच हसायला आणि रडायला लागल्या.

तरी मी प्राचीला त्याच दिवशी तिच्या डॉक्टरांकडे पाठवलं. जिभेला लागलं तेवढ्यानं काही होत नाही, पण यापुढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढासुद्धा घ्यायचा नाही, असं त्यांनी सासूसुनेला एकत्र बसवून बजावलं. पुढे दिवस भरून मुलगी झाली. मावशींनी बर्फीचा पहिला तुकडा मला दिला.

माझ्या काउंटरवर तेव्हापासून रिकाम्या बाटलीवर काही मिळत नाही. औषध कोणतं, एवढंच बाटली सांगते. कोणासाठी, ते तोंडानं विचारावं लागतं. गिऱ्हाइकं कुरकुरतात. 'कोर्टात उभं केल्यासारखं विचारता,' असंही एकजण म्हणून गेले. म्हणोत बापडे.

परवा रमामावशी काढ्याची रिकामी बाटली घेऊन आल्या. दुकानात पाच-सहा माणसं होती. मी तोंड उघडायच्या आतच त्यांनी ठणकावून सांगितलं, "माझ्या गुडघ्यांसाठी आहे. वय चौसष्ट. आणि मी गरोदर नाही."