नदी नसलेल्या बेटाचे काका

बेटकाकांशी कुणाची पहिल्यांदा ओळख झाली की ते नाव, कंपनी, व्हिसा यातलं काहीच विचारत नसत. "तुमच्या गावाला नदी आहे का?" हा त्यांचा पहिला प्रश्न असे. पार्सिपनीच्या आमच्या कॉलनीत मी नवीन होते, मेलबॉक्सपाशी उभी होते, आणि टोपी-जाकिटात गुंडाळलेल्या एका किरकोळ म्हाताऱ्याने मला हे मराठीत विचारलं. मी नागपूरची. मी म्हणाले, नाग नदी आहे, पण आता तिला नालाच म्हणायचं. काकांना हे आवडलं नाही. "आहे ना? मग आहे म्हणावं," ते म्हणाले. मग त्यांनी मला इथली व्हिपनी नदी कुठून येते आणि कुठे जाते ते सांगितलं. पुढे चार वर्षं मी त्या नदीवरून रोज ड्राइव्ह केलं, पण काकांनी सांगितलं नसतं तर पुलाखाली काय आहे हे मला कळलंही नसतं.

या प्रश्नामागे एक देश होता. काका मूळचे गुहागरकडचे, शेतीची पदवी घेतलेले. तरुणपणी लवंग आणि व्हॅनिलाच्या लागवडीच्या कामावर ते कोमोरोसला गेले आणि अकरा वर्षं राहिले. आफ्रिका आणि मादागास्कर यांच्या मधल्या समुद्रातला हा एवढासा देश. त्याच्या सगळ्यांत मोठ्या बेटावर एकही नदी नाही. पाऊस कोकणासारखा पडतो, पण जमीन ज्वालामुखीच्या लाव्ह्याची, चाळणीसारखी. पडलेलं पाणी तिथल्या तिथे गडप होतं. म्हणून घराघराच्या छपराला पन्हळ आणि पन्हळीखाली टाकी. काका सांगत, तिथे मुलगी द्यायची तर लोक आधी टाकी बघतात. हे खरं की त्यांचं पदरचं, ते मी कधी विचारलं नाही. पार्सिपनीत नळाला चोवीस तास पाणी असूनही ते स्वतः पन्हळीखाली बादली लावायचे. कॉलनीच्या ऑफिसातून दोन नोटिसा आल्या. मुलाने, समीरने, बादली गराजमध्ये नेऊन ठेवली. पुढच्या पावसात ती परत पन्हळीखाली होती.

त्या देशाचा व्यापार ते एका वाक्यात सांगत. "जगाला वास विकायचा आणि भात बाहेरून आणायचा." वास म्हणजे तीन: व्हॅनिला, लवंग आणि इलांग-इलांग नावाचं एक पिवळं फूल, ज्याचं अत्तर निघतं. काकांच्या भाषेत ही आपल्या हिरव्या चाफ्याची चुलत बहीण. एकदा मॉलमध्ये परफ्युमच्या काउंटरवरच्या मुलीने त्यांच्या मनगटावर काहीतरी फवारलं. त्यांनी हुंगून तिला सांगितलं की यातलं फूल बायका उन्हं चढायच्या आत खुडतात, उशीर झाला तर तेल उतरत नाही. मुलगी "सो स्वीट" म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. काका तिथेच उभे राहिले, मनगट नाकाशी धरून. त्यांची सून मनीषाताई आणि मी लांबून बघत होतो. मनीषाताई म्हणाली, "बघ, गेले. आता अर्धा तास कोमोरोस."

त्यांना नकाशा काढायला कागद लागत नसे. गणपतीत प्रसादाच्या टेबलावर त्यांनी एका ताटलीत तीन लाडू ठेवले आणि चौथा उचलून दुसऱ्या ताटलीत ठेवला. बेटं मुळात चार. तीन स्वतंत्र झाली, चौथं फ्रान्सकडेच राहिलं. मधे समुद्र इतका थोडा की लोक रात्रीतून होडीने पलीकडे जायला बघतात, कामासाठी, दवाखान्यासाठी, आणि कितीतरी बुडतात. नात म्हणाली, "बट आजोबा, व्हाय डोन्ट दे जस्ट फ्लाय?" काका तिला म्हणाले, "त्या पाण्यावर भिंत नाही बाळा. व्हिसा आहे." आम्ही सगळे लाडवासाठी रांगेत उभे होतो. मग काकांनी चौथा लाडू खाऊन टाकला आणि सांगितलं की त्या देशाचं खरं पीक माणसं आहेत. कितीतरी जण फ्रान्समध्ये राबतात. तिथून घर चालवतात आणि उन्हाळ्यात विमानं भरभरून लग्नाला येतात. "तुम्ही सगळे कोमोरोसचेच," ते आमच्याकडे बघून म्हणाले. कुणीतरी हसलं.

माझे बाबा गेले तेव्हा फेब्रुवारी होता. व्हिसाचं एक्स्टेन्शन पेंडिंग होतं. गेले असते तर परत येता येईल याची खात्री नव्हती, आणि खुद्द आईनेच येऊ नकोस म्हणून सांगितलं. नागपूरला संध्याकाळ होती, इथे सकाळचे साडेसहा. चुलतभावाने घाटावर फोन धरला आणि मी किचनच्या टेबलाशी बसून सगळं पाहिलं. इकडचे आवाज तिकडे जायला नकोत म्हणून मी स्वतःला म्यूट केलं होतं. नऊ वाजता ऑफिसचं स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची कॉलवरची मीटिंग, होतं. माझा नंबर आला तेव्हा मी काल काय केलं आणि आज काय करणार ते सांगितलं. रजा मागितली नाही. मागून काय करणार होते, ते मला सुचलं नाही. मला रडू आलं नाही. वाईट वाटतंय असंही म्हणता येणार नाही. दाढेला भूल दिल्यावर गाल आपला राहत नाही, तसं काहीतरी होतं, फक्त ते उतरत नव्हतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बेटकाका आले. सांत्वनाचं एक वाक्यही ते बोलले नाहीत. जाकीट काढलं, बसले, आणि अस्थी कुठल्या नदीत सोडल्या ते विचारलं. मी म्हणाले, कन्हान. "चांगली नदी आहे," काका म्हणाले. मग चहा पिता पिता ते मोठ्या बेटाबद्दल बोलत राहिले. नवीन माणसाला ते बेट कोरडं वाटतं. पण ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर गेलं की खडकांच्या फटींतून पाणी झिरपताना दिसतं. बोट लावून बघितलं तर गोडं. वरच्या डोंगरावर कधीतरी पडलेला पाऊस, इतका खाली जाऊन इथे निघालेला. बायका तिथे हंडे घेऊन थांबतात. मी मान हलवत होते. मला ते तेव्हा नुसतं भूगोलासारखंच वाटलं.

त्यांच्या घरात जिन्याच्या कठड्यावर व्हॅनिलाचा वेल चढलेला होता. कस्टम्सवाले एक पान आत येऊ देत नाहीत, म्हणून काकांनी फ्लोरिडाच्या नर्सरीतून कांडी मागवली होती आणि त्याबद्दल ते थोडे खजील असत. पाच वर्षं वेल नुसता वाढला. सहाव्या वर्षी, त्याच वसंतात, त्याला कळ्यांचा झुबका आला. हीटिंगच्या कोरड्या हवेने पाच कळ्या सुकून गळाल्या. एक राहिली. व्हॅनिलाचं फूल एकाच सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. मादागास्करात काय किंवा कोमोरोसला काय, त्याच्या कामाचा किडा नाही, त्यामुळे प्रत्येक फुलाचं परागीकरण माणसाला हाताने करावं लागतं. बारीक काडीने आतला पडदा उचलायचा आणि अंगठ्याने परागाचा गोळा दाबायचा. जमलं तर फूल सुकूनही देठाला चिकटून राहतं आणि त्याची शेंग होते. नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी गळून पडतं. काकांना एक शेंग हवी होती. तिथल्या बायका दिवसाला शेकडो फुलं करत आणि काका त्यांच्यावर देखरेख करत. स्वतःच्या हाताने धरलेली एकही शेंग त्यांच्या नावावर नव्हती. एवढं एकदा झालं की पुरे, असं ते म्हणत.

कळी फुगली त्या आठवड्यात काकांना न्यूमोनिया झाला. समीर आणि मनीषाताई हॉस्पिटलच्या फेऱ्यांत अडकले. काकांनी मला बोलावून घेतलं. नाकात ऑक्सिजनची नळी, बोलताना धाप. त्यांनी टिश्यू पेपरची घडी घालून फूल केलं आणि टूथपिकने माझ्याकडून तीन वेळा करून घेतलं. "हात हलका ठेव," ते म्हणाले. "आणि घाबरू नकोस. तिथे लहान लहान पोरी करतात." मनीषाताईने मला घराची किल्ली दिली.

दोन दिवसांनी सकाळी सातला मी गेले तर फूल उमललेलं होतं. फिकट हिरवं, साधं, वास अगदी थोडा. ऑफिसची चालू सिस्टिम बंद पडली होती, म्हणून लॅपटॉप बरोबर नेला होता. मी फुलासमोरच्या पायरीवर बसले. कॉल चालू होता, मी म्यूटवर होते, उजव्या हातात टूथपिक होती. काय करायचं ते मला पाठ होतं. कॉलमध्ये माझं काही काम नव्हतं, कुणी माझं नावही घेत नव्हतं. कामामुळे राहून गेलं असं मला आजही म्हणता येणार नाही. मी नुसती बघत बसले. हात उचलला नाही. साडेसात, नऊ, अकरा. फुलाच्या पाकळ्या हळूहळू लिबलिबीत झाल्या, मग मिटल्या. एक वाजता मी लॅपटॉप बंद केला, टूथपिक कचऱ्यात टाकली आणि कुलूप लावलं.

संध्याकाळी काकांचा फोन आला. मी म्हणाले, "केलं, काका."

आठवड्याने काका घरी आले तेव्हा मी तिथेच होते. जिन्याला धरून ते वेलापाशी गेले. फूल दुसऱ्या दिवशीच गळून पायरीवर पडलं असणार, ते कुणीतरी झाडून टाकलं होतं. काकांनी रिकाम्या देठावरून बोट फिरवलं. मनीषाताई हळहळली, म्हणाली, एवढं करून गेलंच ना. काका म्हणाले, "हिने बरोबर केलं होतं. माझाच वेल कच्चा आहे अजून." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी बूट घातले आणि घरी आले.

त्यानंतर काका पूर्वीसारखेच वागले. उन्हाळ्यात बादली पन्हळीखाली लागली, गणपतीत लाडवांचा नकाशा झाला. नोव्हेंबरात त्यांनी मला व्हिपनीच्या काठी नेऊन पाणी किती उतरलंय ते दाखवलं. खोटं बोलल्याची टोचणी मला लागायला हवी होती, तीही नीट लागली नाही. जानेवारीत न्यूमोनिया पुन्हा आला आणि काका गेले. स्मशानात मी मागच्या रांगेत उभी होते. समीर बोलला, नात बोलली. मी सगळ्यांचे कोट सांभाळले.

एप्रिलमध्ये मनीषाताईचा फोन आला. वेलाला दोन कळ्या होत्या, एक त्या दिवशी उमलली होती. "तुला येतं ना, तूच ये," ती म्हणाली. मी सातला पोचले. नवीन टूथपिक घेतली, पडदा उचलला, अंगठ्याने दाबलं. दोन सेकंदांचं काम होतं. खरंच लहान पोरींना जमेल इतकं सोपं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत गेले. फूल सुकलं होतं आणि देठाला घट्ट धरून होतं. मनीषाताई माझ्या शेजारी चहाचा कप घेऊन उभी होती.

मी तिला म्हणाले, "मागच्या वर्षी मी केलंच नव्हतं गं. इथे बसून होते, पण केलं नाही."

"माहीत आहे," मनीषाताई म्हणाली. "बाबांनी घरी आले त्याच रात्री सांगितलं होतं. म्हणाले, तिला कुणी काही विचारायचं नाही. वडील गेलेत तिचे, हात उचलला नसेल."

मी पायरीवर बसले. नऊ वाजत आले होते, म्हणून सवयीने फोनवरून स्टँडअपला जॉइन झाले. माझा नंबर आला. मी अनम्यूट केलं आणि म्हणाले की मला आजपासून रजा हवी आहे, माझे वडील वारले. मॅनेजर भला माणूस, त्याने लगेच सॉरी म्हटलं आणि कधी गेले ते विचारलं.

"मागच्या वर्षी फेब्रुवारीत," मी म्हणाले, आणि मग मला जे रडू आलं ते सगळ्यांनी ऐकलं, कारण मी स्वतःला म्यूट केलं नव्हतं.