दारावरचा पत्रा

कॉलेजसाठी यवतमाळात घेतलेल्या माझ्या खोलीचं दार खालून कुजलं होतं. घरमालक चाचांचं गॅरेज होतं. त्यांनी जुन्या ट्रकचा हिरवा पत्रा कापून दारावर ठोकला. त्यावर अर्धंच कमळ रंगवलेलं होतं. "बेटा, अब हाथी भी आया तो नहीं टूटता," ते खुशीत म्हणाले. मला ते विद्रूप वाटलं, पण त्यांना कसं सांगणार?

त्याच आठवड्यात बाबा तांड्यावरून खोली बघायला आले. शिकायला घराबाहेर पडलेली आमच्यात मी पहिलीच. खोली पटली नाही तर ते मला परत नेणार होते. म्हणून मी पत्र्यावर आईनं भरलेलं आरशांचं कापड टांगलं होतं.

बाबांनी ते लगेच बाजूला सारलं. "हे काहून झाकलं?"

"चांगलं दिसत नाही ना, बाबा."

मला आतून कडी लावायला सांगून त्यांनी बाहेरून खांद्यानं दार जोरात ढकललं. ते हललंसुद्धा नाही.

"दिसण्याले काय करतं, बाई? आता घरी मले झोप लागन," ते म्हणाले, आणि ऑटोतच ठेवलेलं ज्वारीचं पोतं उतरवायला गेले.